पंधरा डोक्यांचं चांद्रयान

बजेट सहा हजारांचं होतं, खर्च अकरा हजार चारशे झाला. मी दादरला एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहिते. दुसऱ्यांच्या व्हाउचरमधली पन्नास रुपयांची तफावत पकडायचा मला पगार मिळतो. तेव्हा ‘पैसे कुठे गेले कळलंच नाही’ असं म्हणायची सोय मला नाही. केक २,४००, सजावट २,९००, रिटर्न गिफ्ट १,८००, खाणं २,३००, फ्लेक्स आणि पत्रिका ९००, टॅक्सी ६००, अंतराळवीराचा भाड्याचा ड्रेस ५००. बेरीज करून बघा, बरोबर येते. चुकलं ते बेरजेच्या आधीच.

साल २०२३. लेकीचा आठवा वाढदिवस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होता. त्याच्या आधी २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, आणि त्या संध्याकाळी परळच्या आमच्या चाळीतली, मजल्यावरची झाडून सगळी पोरं आमच्या खोलीत होती, कारण टीव्ही आमचा मोठा. दारात चपलांचा ढीग, कॉटवर दाटीवाटीने एक रांग, कॉटखालीही दोघं घुसलेले. विक्रम लँडरच्या उंचीचा आकडा खाली यायला लागला तसा चौथ्या खोलीतल्या वहिनींचा मुलगा मोठमोठ्याने उलटे आकडे मोजायला लागला. त्याचे आकडे आणि इस्रोचे आकडे काही जुळत नव्हते. तो शून्यावर पोचला तरी विक्रम खालीच येत होता, मग त्याने पुन्हा दहापासून सुरुवात केली. सहा वाजून चार मिनिटांनी लँडर टेकला आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर येऊन विचारलं, मॅच होती का म्हणून.

त्याच रात्री लेकीने जाहीर केलं, “माझा बड्डे चांद्रयान थीमचा.” नवरा म्हणाला, “इस्रोने ६१५ कोटींत चंद्र गाठला. हॉलिवूडवाले त्याहून जास्त पैसे एका सिनेमावर उडवतात. तुला सहा हजारांत एक खोली सजवायला काय झालं?” मलाही तसंच वाटलं. खरं तर लेकीच्या डोक्यातली थीम फार स्वस्त होती. पुठ्ठ्याचं एक रॉकेट, आणि सगळ्यांनी मिळून उलटे आकडे मोजायचे. बस. बाकीची थीम माझी. रात्री जेवणं आटपल्यावर मी मोबाइलवर फोटो बघत बसायची. काळे पडदे, चंदेरी झालरी, छताला टांगलेले ग्रह, टेबलावर एकसारख्या निळ्या डिश, प्रत्येक डिशवर मुलाच्या नावाचं कार्ड. कुठल्याशा मोठ्या हॉलमधले ते फोटो. आमची खोली नायगावच्या बीडीडी चाळींतल्या खोल्यांपेक्षा जराशी मोठी, म्हणजे १६० चौरस फुटांच्या थोडी पुढे. त्यातच मोरी, ओटा, कपाट आणि सासूबाईंचा देव्हारा.

आता बोलवायच्या मुलांच्या यादीबद्दल. माझी खरी चूक तिथे झाली आणि ती मी थंड डोक्याने, एक्सेलमध्ये केली.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे वाढदिवस म्हणजे टोपभर बटाट्याची भाजी, वडे, वेफर्स, रसना आणि बेकरीतून आणलेला गुलाबी फुलांचा केक. पोरं वाढली की आई केकचे तुकडे बारीक करायची आणि रसनात एक तांब्या पाणी वाढवायची. किती मुलं येणार हे तिला कुणी विचारल्याचं आठवत नाही. थीमच्या पार्टीत असं करता येत नाही, कारण तिथे सगळं पाकिटातून येतं आणि पाकिटावर संख्या छापलेली असते. टोपी एकाला एक. डिश-ग्लासचा सेट एकाला एक. रिटर्न गिफ्ट १२० रुपयांचं, त्यात रात्री चमकणाऱ्या चांदण्यांचे स्टिकर आणि रॉकेटची पेन्सिल. खाणं धरून एका मुलामागे जवळजवळ अडीचशे रुपये पडत होते. पहिल्या यादीत ३२ नावं होती, ११ शाळेतली आणि २१ चाळीतली. म्हणजे आठ हजार मुलांवरच, केक आणि सजावट वेगळी.

हा आकडा बघून कुठलीही शहाणी बाई निळ्या डिश रद्द करेल. मी पोरं रद्द केली. ३२ ची १५ केली.

कोण राहिलं आणि कोण गेलं तेही सांगते. शाळेतली अकराच्या अकरा ठेवली. त्यांच्या आयांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि त्यांच्या मुलांचे वाढदिवस मॉलमधल्या प्लेझोनमध्ये होतात. तिकडे आम्ही फुकट खाऊन आलो होतो, त्याची परतफेड करायची होती. परतफेड म्हणजे त्यांना वाटायला हवं, चाळीत राहतात पण टेस्ट आहे हो. चाळीतली चार मुलं निवडली. निवडायचा निकष विचारू नका. बरं, विचारा. गेल्या वर्षी ज्यांच्याकडून प्रेझेंट बरं आलं होतं, ती चार. वहिनींचा मुलगा त्यात नव्हता. लेकीचा रोजचा भिडू, पण अंगात मस्ती भरलेली, सजावट पाडणार म्हणून मी त्याचं नाव खोडलं. लेकीला म्हटलं, “त्याला आपण नंतर केक नेऊन देऊ.” तिने काही विचारलं नाही. मला वाटलं, पटलं.

एवढं करूनही सहा हजार पुरेनात आणि आता पुढचं लिहिताना हात जरा अडखळतो. आमच्या मजल्यावर बायकांची भिशी चालते. बारा जणी, महिन्याला हजार, म्हणजे उचल बारा हजारांची. चालवतात चौथ्या खोलीतल्या वहिनीच. माझा नंबर डिसेंबरचा होता. ऑगस्टच्या शेवटी मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, लेकीच्या क्लासची फी भरायची आहे, अडचण आहे, कुणाशी बदल करून मिळेल का? सप्टेंबरचा नंबर ज्यांचा होता त्या बाईंना वहिनींनी स्वतः जाऊन गळ घातली. त्यांच्या घरी गणपती येतो, त्यांनाही पैसे हवेच होते. तरी त्यांनी दिले. पैशांचं पाकीट वहिनींनी माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “पोरीच्या शिक्षणाला नाही म्हणायचं नसतं.”

थीमची खरेदी करायला क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला, अब्दुल रहमान स्ट्रीटला गेले. तिथे सगळं स्वस्त मिळतं हे खरं आहे. पण तिथे डझनावारी मिळतं हे कुणी सांगत नाही. चंदेरी झालर एकच हवी होती, सहाचा जुडगा घ्यावा लागला. काळे फुगे शंभरच्या पाकिटात. स्वस्ताईच्या नादात टॅक्सी करून सामान घरी आणलं. शिवाय ‘हॅपी बर्थडे’चा फ्लेक्स, त्यावर लेकीचा फोटो अंतराळवीराच्या हेल्मेटमध्ये.

ग्रहांसाठी थर्माकोलचे गोळे मिळवले. मिळवले असंच म्हणायला हवं, कारण महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर आहे. गणपती मंडळाची सजावट करणारे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका ते गोळे बघून चिडले. म्हणाले, “अख्ख्या लालबाग-परळने थर्माकोल सोडला, पुठ्ठ्याचे महाल उभे करतोय आम्ही, आणि तू काय गं हे? मला सांगितलं असतंस तर पोरांकडून कागदाच्या लगद्याचे ग्रह करून घेतले असते फुकटात.” मी म्हटलं, वेळ नाही काका. खरं कारण असं की लगद्याचे ग्रह ओबडधोबड होतात आणि फोटोत घरगुती दिसतात.

रात्री गॅलरीत बसून गोळ्यांवर चंदेरी स्प्रे मारला. स्प्रेच्या रंगातलं द्रावक थर्माकोलला खातं हे मला माहीत नव्हतं. चंद्र मारला आणि बघता बघता तो चुरचुरायला लागला. पृष्ठभाग आत बसत गेला, लहानमोठे खड्डे पडले, कडा वितळून खडबडीत झाल्या. दहा मिनिटांत माझ्या हातात जो गोळा उरला तो हुबेहूब चंद्र होता. पूर्ण सजावटीतली ही एकच वस्तू अस्सल झाली आणि तीही अपघाताने. त्या आनंदात मी गुरूवरही स्प्रे मारला. तो मात्र बोरासारखा सुकून गेला.

अवकाश म्हटलं की काळा रंग आला. समोरच्या भिंतीला, खिडकीला आणि गॅलरीच्या दाराला मी काळं कापड ताणलं. सासूबाई देव्हाऱ्यापुढून उठून आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. “वाढदिवसाक काळो पडदो? संक्रांत आसा काय आज?” मी समजावलं की आई, अवकाश काळंच असतं. त्या म्हणाल्या, “अवकाश असात. पोरीचा औक्षण त्या काळ्याफुडे करूचा नाय.” पुढे मेणबत्ती विझवण्यावरून वाद झाला, तो तर दरवर्षीचाच. शेवटी औक्षण देव्हाऱ्यापाशी आणि केक काळ्या पडद्यापाशी अशी तडजोड झाली. दोन्ही ठिकाणांत अंतर चार फुटांचं. मंडळाच्या सतरंज्या फुकट मिळत होत्या, त्याही मी नाकारल्या, कारण त्यांच्यावर लाल-हिरवे पट्टे आहेत आणि अवकाशात ते जात नाहीत.

तारीख ठरवताना शनिवार धरला होता. नवरा म्हणाला होता, “शनिवारी आगमन आहे.” मला वाटलं, हा मदत न करायची सबब सांगतोय. त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, म्हणजे तो शनिवार ऐन आगमनांच्या दिवसांतला. लालबाग-परळच्या वर्कशॉपमधून मोठ्या मंडळांच्या मूर्ती शनिवार-रविवारी निघतात. ढोल-ताशे, झेंडे, हजारोंनी पोरं, आणि आंबेडकर रोड दुपारपासून ठप्प. परळात नवीन आलेल्या भाडेकरूलाही हे ठाऊक असतं. मी लग्न होऊन इथे आले त्याला दहा वर्षं झाली होती.

त्यात आणखी एक घोळ. पत्रिका मोबाइलवर केली होती, सुंदर, काळ्यावर चंदेरी अक्षरांत. पत्ता मजकुरात मावेना म्हणून ‘परळ’ काढलं आणि नुसतं ‘भोईवाडा, मुंबई’ ठेवलं. मुंबईत भोईवाडा एक नाही. भुलेश्वरलाही भोईवाडा आहे, त्यात दुसरा भोईवाडा, तिसरा भोईवाडा अशा गल्ल्या आहेत. शाळेतल्या एका मुलाचे वडील त्याला घेऊन तिकडे पोचले. फोन आला तेव्हा ते कापडाच्या गाठोड्यांनी भरलेल्या हातगाड्यांमध्ये स्कूटर अडकवून उभे होते. “वहिनी, इथे तर कुणाचा वाढदिवस दिसत नाही.” मी त्यांना इकडे कसं यायचं ते सांगितलं. ते हिंदमातापर्यंत आले, पुढचा बंदोबस्त पाहिला आणि घरी गेले.

पंधरापैकी पाच मुलं आली. बाकीच्यांच्या आयांचे मेसेज येत होते, रस्ता बंद आहे, सॉरी गं, फोटो टाक. चाळीतल्या चौघांपैकी दोघं आपापल्या बापाच्या खांद्यावर बसून मूर्ती बघायला गेली होती. केक पायी आला. घरगुती केक करणाऱ्या बाईंच्या मुलाने तो हिंदमातापासून दोन्ही हातांवर धरून गर्दीतून आणला, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. श्रावण होता म्हणून बिनअंड्याचा आणि थीम होती म्हणून फाँडंटचा, त्यावर साखरेचं उभं रॉकेट.

आणि खोलीत हवा नव्हती. काळ्या कापडाने खिडकी आणि दार दोन्ही बंद केलेली. ग्रह टांगले होते ते पंख्याच्या हुकाला आणि पात्यांच्या आजूबाजूने, त्यामुळे पंखा लावता येत नव्हता. सप्टेंबरमधला तो दमट उकाडा, वर चंदेरी कापडाचा अंतराळवीराचा ड्रेस घातलेली लेक. फाँडंटला घाम फुटतो हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आधी रॉकेटवर बारीक थेंब आले, मग ते चकचकीत दिसायला लागलं, मग त्याचं टोक हळूहळू फ्लेक्सकडे झुकलं. कुणीतरी मागून टूथपिक लावून ते सरळ केलं. ते पुन्हा झुकलं.

खाण्यात मी इडल्यांचे चंद्र केले होते, वाफवल्यावर अंगठ्याने खड्डे पाडून. कल्पना बरी होती, स्वस्तही होती. शाळेतला एक मुलगा डिशकडे बघून म्हणाला, “ही तर अण्णाची इडली.” लेक हसली. त्या दिवसातलं तिचं बहुधा तेवढंच हसू. नंतर ती ड्रेसचं हेल्मेट काखेत धरून काळा पडदा बाजूला करून गॅलरीत जाऊन उभी राहिली, कारण आंबेडकर रोडवरून ढोलांचा आवाज येत होता. मी तिला फोटोसाठी आत बोलवत होते. उलटे आकडे मोजायचे राहूनच गेले. साखरेचं रॉकेट पडायच्या आत केक कापायची घाई होती.

गॅलरीतून तिला खाली वहिनींचा मुलगा दिसला. तो मंडळाच्या पोरांबरोबर नाचून परत येत होता, कपाळावर गुलाल. तिने वरून हाक मारली, “ये ना वर!” त्याने मान हलवली आणि ओरडून सांगितलं, “माझं नाव नाहीये.” यादी मी फक्त मोबाइलवर केली होती. ती त्याला कुणी सांगितली ते मी घरात विचारलं नाही. उत्तर माझ्याच घरात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या रिटर्न गिफ्टच्या पाकिटांतलं एक आणि केकचा तुकडा घेऊन चौथ्या खोलीत गेले. वहिनी तांदूळ निवडत होत्या. ताट मांडीवरच ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “क्लासची फी भरली का गं?”

मी म्हटलं, “वहिनी, चुकलंच.”

“काय चुकलं?” त्या म्हणाल्या. रागाने नाही, व्याकरणाच्या बाई विचारतात तसं. “खोटं बोललीस ते, का त्याला बोलावलं नाहीस ते?”

मी म्हटलं, दोन्ही. तेव्हा त्या म्हणाल्या की बोलावलं नाहीस त्याचं मला काही वाटत नाही, तुझं घर, तुझे पैसे. पण पैसे तुझे नव्हते. “त्या बाईचा गणपती आहे. ती सजावटीला दोन हजार कमी लावणार यंदा, कारण मी तिला सांगितलं पोरीची फी आहे. आता मी तिला काय सांगू?” पाकीट त्यांनी घेतलं नाही. मुलगा आतून बघत होता, तर म्हणाल्या, “तुला हवं का?” तो म्हणाला, “उरलेलं?” मी पाकीट घेऊन परत आले. केक मात्र त्याने खाल्ला, तुकड्यावर साखरेचं अर्धं रॉकेट होतं.

त्या बाईंकडे मी स्वतः गेले आणि खरं सांगितलं. दोन हजार देऊ केले. उरलेल्या झालरी, न फुगवलेले फुगे आणि निळ्या डिश परत विकता येतील का हे बघायला म्हणून त्याच आठवड्यात अब्दुल रहमान स्ट्रीटला पुन्हा गेले होते. दुकानदार हसला नाही, पण त्याने चहा विचारला. शेवटी पगारातून दिले. बाईंनी घेतले आणि गणपतीच्या दर्शनाला बोलावलंही. माझ्या चंदेरी झालरी त्यांच्या मखरामागे लागल्या, त्या मी फुकट दिल्या होत्या. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. घरात ठेवायला जागा नव्हती.

वहिनींच्या मुलाचं आणि लेकीचं मात्र आठवडाभरातच जुळलं. गॅलरीत खडूने गोल काढून ते दोघं ‘प्रज्ञान’ रोव्हर चालवत होते, म्हणजे सासूबाईंच्या औषधाच्या डब्याला दोरी बांधून ओढत होते. खऱ्या विक्रमला इस्रोने ४ सप्टेंबरलाच झोपवलं होतं. हे मुलाला माहीत होतं, लेकीला नव्हतं, त्यावरून भांडणही झालं.

२०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला आली आणि आम्ही वाढदिवसाच्या आठवड्यात कोकणात गावी होतो. कणकवलीच्या बेकरीतून केक आणला, वाडीतली पोरं आली, किती आली ते सासूबाईंनी मोजायचं नाही असं मला बजावलं होतं. मी मोजली. सवय आहे. २७ होती. केक एक किलोचा होता आणि तो पुरला, कारण सासूबाईंनी कापला.

भिशी अजून चालू आहे आणि त्यात मी आहे. नवीन वर्षाच्या चिठ्ठ्या टाकायच्या दिवशी वहिनींनी अकरा चिठ्ठ्याच केल्या. बाराव्या नंबरावर माझं नाव त्यांनी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. बाकीच्या जणी माझ्याकडे बघत होत्या. मी हजार रुपये काढून पुढे ठेवले आणि सही केली.